पत्र जायचे ते इंदूरमार्गे

देवासच्या दोन राजांनी १२ डिसेंबर १८१८ रोजी कंपनी सरकारशी तह केला, तेव्हा त्यात एक गमतीदार अट होती. राजे दोन असले तरी त्यांनी एकविचाराने वागावे आणि कारभार एकाच मुख्य कारभाऱ्यामार्फत चालवावा. थोरल्या पातीचे तुकोजीराव आणि धाकट्या पातीचे आनंदराव यांनी ती मान्य केली. तुकोजी आणि जिवाजी या भावांनी १७२८ च्या सुमारास देवासात पाय रोवले, तेव्हापासून दोन घराणी एकाच गावातून राज्य करत आली होती. त्यांच्या भाऊबंदकीशी कंपनीला काही कर्तव्य नव्हते. तिला बोलणी करायला एक तोंड हवे होते, एवढेच.

महिन्याभरात, १० जानेवारी १८१९ रोजी, धारच्या पवारांशीही तह झाला. इतर कोणत्याही संस्थानाशी उघड वा खासगी संबंध ठेवायचा नाही, असे त्यात धारने कबूल केले. होळकरांकडून मंदसोरला वर्षभर आधीच असेच लिहून घेतलेले होते: रेसिडेंटाला कळवल्यावाचून दुसऱ्या दरबाराशी वकील पाठवणे नाही, घेणे नाही, बोलणे नाही. फौजा, खंडण्या आणि हद्दी यांच्या कलमांवर पुढे इतिहासकारांनी भरपूर लिहिले. पत्रव्यवहाराचे हे कलम त्या मानाने दुर्लक्षित राहिले. माझ्या मते माळव्यातल्या मराठी संस्थानांचे पुढच्या सव्वाशे वर्षांतले वागणे, बोलणे आणि गप्प बसणे याच कलमाने घडवले.

त्याआधीची रीत निराळी होती. अठराव्या शतकात प्रत्येक दरबाराचे कान दुसऱ्या प्रत्येक दरबारात असत. दिल्लीला पेशव्यांतर्फे हिंगणे होते, हैदराबादेत गोविंदराव काळे होते. त्यांची पत्रे वाचली की लक्षात येते, वकील राजकारणाच्या गोष्टी तर लिहीतच, शिवाय कोणाचा पगार तुंबला, कोणत्या सरदाराचे कोणाशी बिनसले, बाजारात काय वार्ता आहे, हेही कळवत. जासूद आणि काशीद ही पत्रे घेऊन धावत. वकिलांना स्वतःचे हितसंबंध नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आपले महत्त्व वाढावे म्हणून बातमी फुगवणारे होते, यजमानाला गोड वाटेल तेवढेच लिहिणारेही होते. पण बातमी आणणारे अनेक होते. एकाची थाप दुसऱ्याच्या पत्राने उघडी पडायची. धारचे आणि देवासचे पवार याच जगात वाढलेले सरदार.

कंपनीने हे जाळे का तोडले, हे समजायला १८१७ साल पाहावे. दुसऱ्या बाजीरावाची शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्याकडे चाललेली गुप्त पत्रे कंपनीच्या हेरांना लागत होती. मराठी राज्ये एकत्र येतात ती आधी पत्रांतून येतात, हा धडा कंपनीने त्यातून घेतला. तलवारी काढून घेण्यापेक्षा वकील काढून घेणे स्वस्त होते.

सुरुवातीला याचा जाच जाणवला नाही, त्याला कारण सर जॉन माल्कम. १८१८ ते १८२१ या काळात महूच्या छावणीतून त्याने माळव्याची घडी बसवली. आपल्या तंबूचे चारही दरवाजे उघडे असतात, मधे मुन्शी नाही की चोपदार नाही, थोराला जेवढा प्रवेश तेवढाच भिल्लाला, अशी फुशारकी त्याने पत्रांतून मारली आहे. ती बरीचशी खरीही असावी. माणूस बोलका होता, त्याला फारसी येत होती, शिकारीचा आणि गप्पांचा शौक होता. पण व्यवस्था माणसाच्या स्वभावावर उभी राहिली की माणूस गेल्यावर उरते ते कलम. माल्कम गेला आणि दरवाजे एकेक करून लागत गेले.

कलमाला दात आहेत, हे सगळ्यांना कळले ते साताऱ्यात. छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये गादीवरून काढले. त्यांच्यावरचे आरोप म्हणजे प्रामुख्याने संपर्काचे आरोप होते: गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी सूत जुळवले, कंपनीच्या शिपायांना फितवले. पुरावा म्हणून जे कागद पुढे आले ते खरे की बनावट, यावर लंडनमध्ये वर्षानुवर्षे वाद झाले. रंगो बापूजी गुप्ते त्यासाठी तिथे चौदा वर्षांच्या आसपास ठाण मांडून होते. प्रतापसिंहांची गादी काही परत मिळाली नाही. १८४७ मध्ये काशीला त्यांचा अंत झाला. साताऱ्याची ही गोष्ट माळव्यात पोचायला वकिलाची गरज नव्हती.

१८५४ मध्ये मध्य हिंदुस्थानची एजन्सी उभी राहिली. इंदूरला गव्हर्नर जनरलचा एजंट, त्याच्या हाताखाली जागोजाग पोलिटिकल एजंट, अशी उतरंड. धार भोपावरच्या एजंटाकडे गेले. देवास तर इंदूरपासून हाकेच्या अंतरावर. संस्थानाचा वकील एजन्सीत हजर असे, पण आता त्याला एकाच उंबऱ्याशी बसायचे होते. लग्नकार्याची, कुशलाची पत्रे राजघराण्यांत चालत. राज्याच्या कामाचा कागद मात्र इंदूरमार्गे जायचा, आणि तिथून वर काय जाणार, कोणत्या शब्दांत जाणार, हे एजंट ठरवायचा. अशा रचनेत एजंटाचा हेतू शुद्ध असला तरी अडचण होतीच. तो शुद्ध नसला तर काय होते, ते धारने तीन वर्षांत पाहिले.

मे १८५७ मध्ये धारचे यशवंतराव पवार वारले. गादीवर आले ते दत्तक घेतलेले त्यांचे धाकटे सावत्र भाऊ आनंदराव, वय तेरा. कारभार दिवाण रामचंद्र बापूजी यांच्या हाती. इंदूरला त्या वेळी मुख्य एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर होते आणि त्यांच्या जागी हेन्री मॅरियन ड्युरँड काम पाहत होता. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. ड्युरँड बायकामुले आणि उरलेली शिबंदी घेऊन सिहोरकडे निघून गेला. होळकरांनी हल्ल्याशी आपला संबंध नाही असे परोपरीने कळवले, पण ड्युरँडने ते कधीच मानले नाही.

धारने पदरी अरब, मकराणी, अफगाण असे भाडोत्री शिपाई ठेवले होते. ही 'विलायती' माणसे इंदूरची बातमी कळताच भोपावर आणि सरदारपूर लुटून आली. ऑगस्टअखेर त्यांनी धारचा किल्लाच ताब्यात घेतला. पुढचे कथन पाहा कसे तयार झाले. कॅप्टन हचिन्सन या एजंटाने ऑक्टोबरच्या मध्यावर ड्युरँडला कळवले की राजाची आई, मामा भीमराव भोसले आणि खुद्द दरबार यांचा या बंडाला हात असल्याचे सबळ दिसते. लुटून आणलेल्या तोफा राजवाड्यात ठेवून घेतल्या गेल्या, मंदसोरच्या बंडखोरांच्या माणसाचे दरबाराने स्वागत केले. मालेसनने बंडाच्या आपल्या इतिहासात हीच हकिगत उचलली आणि ती इंग्रजी वाचकांची धार झाली. दरबाराची बाजू साधी होती: राजा पोर आहे, किल्ल्यातल्या हत्यारबंद लोकांवर आमचा ताबा नाही, उलट आम्हीच त्यांच्या ताब्यात आहोत. ही बाजू वर पोचायची वाट एकच होती, आणि ती ड्युरँडच्या टेबलावरून जात होती.

महूहून निघालेल्या फौजेने २२ ऑक्टोबरला किल्ल्याला वेढा दिला. तांबड्या दगडाच्या तटाला खिंडार पडायला नऊ-दहा दिवस लागले. ३१ ऑक्टोबरच्या रात्री सैनिक आत घुसले तर किल्ला रिकामा. विलायती अंधारात निसटले होते. हाती लागायला उरले एकच, तेरा वर्षांच्या मुलाचे राज्य. ड्युरँडने ते जप्त करण्याची कारवाई केली.

ड्युरँडच्या टीकाकारांनी पुढे जे म्हटले ते मला पटण्यासारखे वाटते. रेसिडेन्सी सोडून जाण्यावरून त्याच्यावर ठपका येत होता. आजूबाजूचे सगळे राजे फितूर होते असे ठरले, तर ती माघार शहाणपणाची ठरत होती. माणूस खोटे लिहीत होता असे म्हणायची गरज नाही. त्याने जे पाहिले, ते त्याला सोयीचे जाईल अशाच नजरेने पाहिले, आणि त्या नजरेला छेद देणारे दुसरे पत्र कलकत्त्याला जाऊच शकत नव्हते. डिसेंबरात हॅमिल्टन इंदूरला परतले आणि होळकरांविषयी त्यांचे मत अगदी उलट पडले. त्याच घटना, तेच शहर, नुसती खुर्चीवरची व्यक्ती बदललेली. पण १८६१ मध्ये ड्युरँड हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव झाला आणि १८६५ पर्यंत त्या जागी राहिला. म्हणजे होळकरांनी किंवा धारने तक्रार करावी, तर ती अखेर ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच खात्यात जायची.

लंडनमध्ये मात्र वेगळे कान होते. जॉन डिकिन्सन नावाच्या सुधारकाने हे प्रकरण लावून धरले. १८६० मध्ये धार आनंदरावांना परत देण्याचे ठरले. बैरसिया परगणा तेवढा कापून भोपाळच्या सिकंदर बेगमेला बक्षीस दिला गेला. परत दिले म्हणतात, पण कारभार सोडला जात नाही, असे पाहून डिकिन्सनने १८६४ मध्ये एक पुस्तिकाच काढली, 'धार नॉट रिस्टोर्ड' या नावाची. पार्लमेंट आणि लोकमत यांना न जुमानता धार परत दिलेले नाही, असा तिचा सूर होता. होळकरांच्या वतीने त्याने लिहिलेले लिखाण त्याच्या मृत्यूनंतर इव्हान्स बेलने १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. एजंटाच्या डोक्यावरून बोलायचे असेल तर सहा हजार मैलांवर जाऊन छापावे लागते, हे यातून संस्थानिकांच्या चांगले ध्यानात आले. वकील, बॅरिस्टर, निवृत्त इंग्रज अधिकारी यांच्यावर संस्थानांचे पैसे खर्च होऊ लागले ते याच कारणाने.

दुसरा परिणाम घरातला होता आणि अधिक वाईट होता. दरबारातल्या प्रत्येक गटाला कळून चुकले की राजाशी भांडण्यापेक्षा एजंटाच्या कानाला लागणे फायद्याचे. नाराज मानकरी, बाजूला पडलेली राणी, बडतर्फ दिवाण, सगळ्यांचे अर्ज इंदूरला. बाहेरच्या दरबारांशी बोलणे बंद झाल्याने सगळी मुत्सद्देगिरी आत वळली आणि तिचे चहाडीत रूपांतर झाले. कोल्हापुरात चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाचे प्रकरण याच वातावरणातले. १८८२ मध्ये दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे 'केसरी' आणि 'मराठा'ने खरी मानून लिहिले. ती कोर्टात टिकली नाहीत आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. उघडपणे विचारायची सोय नसली की बनावट कागदाला भाव येतो.

सरकारने मग छापखान्यांकडे मोर्चा वळवला. १८९१ मध्ये हुकूम निघाला की संस्थानांतल्या ब्रिटिश कारभाराखालच्या भागांत, म्हणजे रेसिडेन्सीच्या हद्दी, छावण्या वगैरेंत, पोलिटिकल एजंटाच्या लेखी परवानगीशिवाय वृत्तपत्र काढता येणार नाही. १९१० च्या प्रेस ॲक्टने संस्थानिकांविषयी द्वेष किंवा तुच्छता पसरवणारा मजकूरही गुन्ह्यात आणला. त्या काळात धार संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटेही होती, १८९७ पासून. काळ्या शाईत हाताने उठवलेला अंडाकृती शिक्का असल्याशिवाय ते तिकीट चालत नसे. १९०१ मध्ये तीही बंद होऊन टपाल सरकारी झाले.

आता देवासकडे. १८१८ चा 'एक कारभारी' केव्हाच मागे पडला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. पाणी वेगळे, दिवे वेगळे, शिपाई वेगळे. दोन राजवाड्यांपुढे दोन बँड संध्याकाळी एकाच वेळी वेगवेगळ्या चाली वाजवत, असे ई. एम. फॉर्स्टरने नोंदवले आहे. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली ही गंमत. दोन्ही राजांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी आणि राज्य प्रत्येकी साडेचारशे चौरस मैलांच्या आसपास.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव १८९९ मध्ये अकराव्या वर्षी गादीवर आले. त्यांचा शिक्षक म्हणून सरकारने १९०७ मध्ये माल्कम डार्लिंग हा तरुण आय.सी.एस. अधिकारी नेमला आणि दोघांची जन्माची मैत्री जडली. डार्लिंगमुळे फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात देवासला आला आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचा खासगी सचिव होऊन राहिला. बागा, मोटारी, पाहुण्यांची सोय आणि विजेचे सामान बघता बघता त्याने अर्धवट बांधलेल्या वाड्यात पावसाचे पाणी शिरताना पाहिले आणि गोकुळाष्टमीला भजनात रंगून नाचणारा राजाही पाहिला. 'अ पॅसेज टू इंडिया' या त्याच्या १९२४ च्या कादंबरीत ती गोकुळाष्टमी उतरली. देवासहून त्याने घरी, आईला आणि मित्रांना, पत्रे लिहिली. ती कोणा एजंटाच्या हाताखालून जायची नव्हती, म्हणून त्यांत दरबाराचे दिवस जसे गेले तसे सापडतात: रुसवेफुगवे, हेरांचा संशय, शिष्टाचाराच्या बारीकसारीक लढाया. अत्तरपान कोणाला आधी, स्वागताला कोणी किती पावले पुढे यायचे, यात राजांचे दिवसच्या दिवस जात. बाहेरून हे पोरकट वाटते. पण ज्याला राजकारणावर शब्द काढायची मुभा नाही, तो पावलांच्या हिशेबातच आपला मान सांगणार.

त्याच १९२१ च्या ८ फेब्रुवारीला दिल्लीत नरेंद्र मंडळाचे उद्घाटन झाले. शंभर वर्षे ज्यांना एकमेकांशी बोलायला बंदी होती, त्यांना सरकारनेच एका दालनात बसवले. काँग्रेसच्या चळवळीला शह द्यायला आता राजांची एकी उपयोगी होती. पाठोपाठ १९२२ मध्ये प्रेस ॲक्ट रद्द होताच राजांच्या संरक्षणासाठी नवे विधेयक आले. मध्यवर्ती कायदेमंडळाने ते मांडूही दिले नाही, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी खास अधिकार वापरून ते कायद्यात आणले. कायद्याची मेख अशी की खटला भरायचा तर गव्हर्नर जनरलची मंजुरी हवी. राजा मर्जीतला असेल तर त्याच्यावर लिहिणारा संपादक तुरुंगात. मर्जी गेली की तोच मजकूर खुशाल छापा.

तुकोजीरावांवर ही वेळ १९२७ मध्ये आली. शेजारी इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर बावला खून प्रकरणाच्या गदारोळात १९२६ मध्येच पायउतार झाले होते, आणि संस्थानिकांच्या भानगडी हा वृत्तपत्रांचा खपाऊ माल झाला होता. देवासच्या तुकोजीरावांचे लग्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी, अक्कासाहेबांशी, झाले होते. ते मोडल्यात जमा होते आणि त्या कोल्हापूरला राहत. मुलगा विक्रमसिंह याचे लग्न जतच्या घराण्यात झाले होते. डिसेंबर १९२७ मध्ये हा सतरा वर्षांचा युवराज देवासातून रातोरात पळाला. वडील आपल्याला विष घालतील, असे त्याचे म्हणणे होते. तो आश्रयाला गेला तो पोलिटिकल अधिकाऱ्यांच्या.

आरोप खरा होता का, यात मी शिरत नाही. फॉर्स्टरने तो साफ नाकारला आहे. माझे लक्ष आहे ते मार्गाकडे. बापलेकांतले भांडण घरात मिटवायला कोणी वडीलधारे मधे पडावे, कोल्हापूरने निरोप पाठवावा, धारच्या पवारांनी समजूत घालावी, असे काही घडले नाही. सगळे जण आपापली बाजू घेऊन इंदूरच्या दाराशी गेले, कारण शंभर वर्षे तीच सवय लागली होती. एजन्सीने मुलाला ठेवून घेतले आणि बापाचा हिशेब उघडला. राज्य कर्जात बुडाले होतेच. १९३३ मध्ये तुकोजीरावांपुढे चौकशीचा तगादा आला, तेव्हा यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि थेट पाँडिचेरीला, फ्रेंचांच्या हद्दीत जाऊन राहिले. तिथून सरकारने बोलावले तरी परत आले नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये तिथेच वारले. विक्रमसिंह गादीवर आले आणि दहा वर्षांनी कोल्हापूरला दत्तक जाऊन छत्रपती शहाजी झाले.

१९४७ च्या उन्हाळ्यात पोलिटिकल खात्याचे प्रमुख सर कॉनरॅड कॉरफिल्ड यांनी संस्थानिकांच्या खासगी आयुष्याविषयीची दफ्तरे जाळायला काढली. चार टन कागद जळाले असे सांगतात. नेहरूंनी जूनमध्ये माउंटबॅटन यांच्यासमोरच त्यावर हरकत घेतली. ज्या चहाड्यांवर शतकभर राज्य चालले त्या नव्या सरकारच्या हाती पडू नयेत, यात राजांचा फायदा होता आणि त्या जमवणाऱ्यांचाही. उरलेली दफ्तरे दिल्लीत आणि लंडनला आहेत, अर्थात एजंटांच्या अक्षरात. फॉर्स्टरने आपली देवासची पत्रे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' म्हणून छापली आणि डार्लिंगला अर्पण केली. तुकोजीरावांची बाजू जिव्हाळ्याने मांडलेली वाचायची तर अजून तेच पुस्तक काढावे लागते, फॉर्स्टर महाराजांचा मित्र होता आणि त्यांच्या पदरी पगारावर राहिला होता हे ध्यानात ठेवून.